वेबसाइट अपडेट केली आणि मी वारलो

माझ्या मुलीचं लग्न ठरायचं होतं त्या शनिवारी सकाळी साडेदहा वाजता मी वारलो. मला स्वतःला ही बातमी अकराला कळली, आणि तीही हिंगण्याच्या कारखान्यातल्या माझ्या शिफ्ट इन्चार्जकडून. त्याचा फोन आला, मी "हॅलो" म्हणालो. मग तो अत्यंत आदराने म्हणाला, "वहिनीले द्या जरा."

"अरे, मीच बोलून राहिलो. दिलीप!"

"हौ, ते ठीक आहे," तो म्हणाला, "पण तुम्ही वहिनीले द्या."

आता ही वेळ माझ्यावर कशी आली ते सांगतो. दोष कोणाचा ते शेवटी सांगेन, कारण मला स्वतःलाही तो शेवटीच कळला.

आमच्या विणकर समाजाच्या मंडळाची एक वेबसाइट आहे आणि ती गेली आठ वर्षं मी सांभाळत होतो. (आठ वर्षांपूर्वीच्या बैठकीत "कॉम्प्युटर कोणाला येतो?" असं विचारलं गेलं, तेव्हा मी शिंकलो, आणि ते अनुमोदन समजलं गेलं.) या वेबसाइटवर लोक दोनच गोष्टी पाहायला येतात. एक, कोणाकडे लग्नाचा मुलगा किंवा मुलगी आहे. दोन, कोण गेलं. मधे अध्यक्षांचं मनोगत आहे, पण ते अध्यक्षांशिवाय कोणी उघडत नाही.

सुरुवातीला ही वेबसाइट साधी होती. मग ती घरच्यांना आवडू लागली. माझी सक्करदऱ्याची कमळआत्या म्हणाली, "दिलीप, लग्नाचं पान उघडलं का सनई वाजली पायजे." सनई वाजवणारं प्लगइन लावलं. प्लगइन म्हणजे वेबसाइटला वरून जोडायचा एक तयार तुकडा, ज्याने तिला एखादं नवीन काम करता येतं. नानाजी म्हणजे बायकोचे मामा आणि मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, आपल्या मुलामुलींच्या फोटोवर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या पाहिजेत. पाकळ्यांचं प्लगइन लावलं. शेजारचे गुणवंतराव मंडळाचे सचिव आहेत आणि मोहल्ल्यातली प्रत्येक अंत्ययात्रा ते जातीने पार पाडतात. त्यांच्या आग्रहाखातर श्रद्धांजलीचं प्लगइन आलं, ज्यात फोटो टाकला की आपोआप हार पडतो, समई लागते आणि खाली लोकांना शोकसंदेश लिहिता येतो. काहीही नवीन छापलं की सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर निरोप पाठवणारं आणखी एक प्लगइन होतं. (एक किरकोळ प्लगइन मी स्वतःच टाकलं होतं. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही.)

एकाच बोर्डावर कूलर, मिक्सर आणि इस्त्री लावल्यावर काय होतं, हे मे महिन्यात नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण एखादं काढून ठेवायची सोय नव्हती. मागे एकदा मी सनई फक्त दोन तास बंद ठेवली होती. त्या वर्षी आत्या आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला आली नाही.

त्या शनिवारी चार वाजता उमरेडचे पाहुणे यायचे होते. मुलगा निखिल, त्याचे वडील आणि आई सुनंदाताई. आमच्या मुलीचं, प्राचीचं स्थळ त्यांनी आमच्या वेबसाइटवरच पाहिलं होतं. मुलगा-मुलगी आधीच दोनदा भेटली होती, आणि प्राची गेला महिनाभर फोन हातात घेऊन गच्चीवर फिरत होती, म्हणजे तिच्याकडून प्रश्न मिटलाच होता. आता फक्त सुनंदाताईंचा शब्द यायचा होता. उमरेडला त्यांचं करवतकाठी साड्यांचं काम आहे, आणि त्यांच्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच, असं नानाजींनी मला तीन वेळा बजावलं होतं.

रंजनाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला सकाळी दोनच कामं सांगितली होती. कोथिंबीर आणायची आणि बैठकीतला बल्ब बदलायचा. मी रजा टाकून घरी होतो, मन प्रसन्न होतं, आणि नेमका मला वेबसाइटचा तो लाल ठिपका दिसला. "नवीन आवृत्ती उपलब्ध आहे" असं तो दोन वर्षांपासून सांगत होता. मी म्हटलं, पाहुणे घरात बसून वेबसाइट उघडतील, जरा ताजीतवानी दिसली पाहिजे!

"बाबा," प्राची मागून म्हणाली, "आज काही करू नका. पाया पडते तुमच्या."

"एक बटण तर दाबायचं आहे वं."

दाबलं. गोल गोल चक्र फिरलं. पान पांढरंफट्ट पडलं आणि तसंच राहिलं. मी म्हटलं, स्वच्छ तरी झाली. मग वेबसाइट परत आली.

पहिल्या पानावर माझा फोटो होता. पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला, जिलबी खाऊन झाल्यावरचा तृप्त चेहरा. त्यावर झेंडूचा हार. बाजूला समई. खाली "भावपूर्ण श्रद्धांजली. दिलीपराव, संकेतस्थळ प्रमुख." मागे सनई जोरात वाजत होती आणि वरून माझ्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या! मी घाबरून दुसरं पान उघडलं. तिथेही मी. अध्यक्षांच्या मनोगताखाली मी. विदर्भातल्या झाडून सगळ्या उपवर मुलींच्या माहितीखाली, उंची, शिक्षण, अपेक्षा आणि मग हार घातलेला मी. प्राचीच्या पानावर तर "आपण सहकुटुंब येऊन कार्यक्रमाची शोभा वाढवावी" ही वधू-वर मेळाव्याची ओळही माझ्या फेट्याखाली येऊन बसली होती.

आणि हे सगळं "नवीन" असल्याने निरोप पाठवणाऱ्या प्लगइनने ते सगळ्या सभासदांना कळवून टाकलं होतं. उमरेडसकट, आणि सभासद असलेल्या शिफ्ट इन्चार्जसकट.

"सगळे प्लगइन बंद करा," प्राची ओरडली. "मग एक एक चालू करून पाहा, कोणतं भांडून राहिलं ते!"

"अन् सनई? आज आत्या येणार आहे चारला. आजच्या दिवशी तिले दुखवू?"

"तुम्ही मेले आहात बाबा!"

"मेलो तरी आत्या आहे ती माझी."

मी माझ्या पद्धतीने दुरुस्ती सुरू केली. अपडेट परत चालवलं. मोडेमची वायर काढून फुंकर मारून पुन्हा लावली. सेटिंगमध्ये जाऊन जिथे जिथे चौकोन होते तिथे टिचक्या मारल्या. दर वेळी मी "जतन करा" दाबायचो, दर वेळी प्लगइनला वाटायचं काहीतरी नवीन घडलं, आणि दर वेळी सगळ्या सभासदांना मी पुन्हा वारल्याचा निरोप जायचा. दुपारी एकपर्यंत मी चार वेळा गेलो होतो. शेवटी मी कपाळाचा घाम पुसला आणि बातम्यांच्या पानावर स्वतःच्या हाताने ठळक अक्षरात खुलासा टाकला: "दिलीपराव जिवंत आहेत." श्रद्धांजलीच्या प्लगइनने तो जसाच्या तसा उचलला, त्याला हार घातला आणि समईशेजारी ठेवला. भावपूर्ण श्रद्धांजली, दिलीपराव जिवंत आहेत. हा पाचवा निरोप.

मग रंजनाला कळलं. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बैठकीतल्या न बदललेल्या बल्बकडे. मला म्हणाली, "उमरेडले फोन लावा."

मी लावला. निखिलच्या वडिलांनी उचलला. "मी दिलीप बोलतोय," म्हटल्याबरोबर तिकडून "राम राम राम" ऐकू आलं आणि फोन बंद झाला. मग रंजनाने लावला. तिला सांगायचं होतं की हा माणूस धडधाकट आहे आणि फक्त बिनडोक आहे. पण संताप अनावर झाला आणि सुनंदाताईंचा आवाज ऐकताच ती ढसाढसा रडायला लागली! पलीकडून हळूच आवाज आला, "ताई, रडू नका. आम्ही निघालोच." नंतर त्यांचा फोन लागेना.

"निघाले म्हणजे कशासाठी निघाले?" मी विचारलं. "पसंतीसाठी, का माझ्यासाठी?"

प्राची आत जाऊन पलंगावर पडली. आमच्याकडे मुलीचा बाप गेला की ठरत आलेली बैठक उठते, आणि मग वर्षभर कोणी विषय काढत नाही. "बाबा, एक बटण," एवढंच ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. तेव्हा मात्र मला खरोखर मेल्यासारखं झालं.

दोन वाजता गुणवंतराव आले. सोबत मांडववाला, पन्नास पांढऱ्या खुर्च्या आणि एक सतरंजी. दार मीच उघडलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. या माणसाच्या चेहऱ्यावर आनंद आधी यायला हवा होता, पण आधी अडचण आली.

"तुम्ही आहात काहून गा?"

"म्हणजे काय? आहे मी!"

"मी तं घाटावर सांगून ठेवलं," ते म्हणाले. "पाचची वेळ भेटली. शनिवारी पाचची भेटत नाही."

खुर्च्या परत नेऊ लागले तर रंजनाने आतून सांगितलं, राहू द्या, चारला पाहुणे आहेत. बाई धीराची. तिने ठरवून टाकलं होतं की पाहुणे कशालाही आले तरी आलूबोंडे तयार पाहिजेत, आणि तिने कढई चढवली. (कोथिंबिरीशिवाय. हे मला अजून ऐकावं लागतं.)

तळणीचा घमघमाट गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असताना ऑटोतून कमळआत्या उतरली. पांढरं लुगडं, पदर डोळ्याला. अंगणात पन्नास पांढऱ्या खुर्च्या पाहून तिने हंबरडा फोडला, दोन पावलं पुढे आली, आणि एकदम थांबून हवेत नाक उचललं.

"अवं रंजना! घरात मढं अन् तू आलूबोंडे तळून राहिली?"

"आत्याबाई, मढं नाही घरात."

"नेलं बी? मी यायच्या आधी नेलं?"

मी लगबगीने पुढे होऊन पायाला हात लावला. आत्याने खाली पाहिलं, मला ओळखलं आणि जवळच्या खुर्चीत बसून घेतलं. पाणी प्यायल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "सनई वाजून राहिली ना पण?"

सव्वातीनला मात्र कहर झाला. हिंगण्याची पहिली शिफ्ट सुटली आणि कंपनीची बस नेहमीचा रस्ता सोडून थेट आमच्या गल्लीत शिरली. त्यातून माझ्या खात्याची चाळीस माणसं ओळीने उतरली, हातात हार. सगळ्यात पुढे शिफ्ट इन्चार्ज. मला फाटकात उभा पाहून ओळ थांबली.

"साहेब," इन्चार्ज माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दुसऱ्या शिफ्टले तुमच्यामुळे अर्धी सुट्टी दिली मॅनेजरने. आज रात्रीपर्यंत जिवंत आहे म्हणून सांगू नका. सोमवारी सांगा."

आणलेला हार त्याने मग इकडेतिकडे पाहून फाटकालाच अडकवला. त्यामुळे बाहेरून आमचं घर अधिकच गेल्यासारखं दिसू लागलं.

अशा या प्रसंगी, पावणेचार वाजता, उमरेडची गाडी आली. निखिलच्या वडिलांच्या अंगात पांढरा सदरा. सुनंदाताई पांढऱ्या सुती साडीत. निखिल मान खाली घालून मागे. फळांची टोपली नाही, मिठाईचा डबा नाही. अंगणात चाळीस कामगार खुर्च्यांवर बसून गरम आलूबोंडे खात होते, आत्या डोळे पुसत होती आणि गुणवंतराव फोनवर घाटाशी बोलत होते. मी संगणकासमोर बसलो होतो. बाहेरच्या माणसांना तोंड द्यायची हिंमत उरली नव्हती, म्हणून मी सहाव्यांदा "जतन करा" दाबायच्या बेतात होतो.

"थांबा!" दारातून आवाज आला.

मी वळलो. निखिलच्या वडिलांनी चौकट धरली. सुनंदाताईंनी मात्र माझ्याकडे फार वेळ घालवला नाही. त्या सरळ आल्या, माझ्या खांद्यावरून पडद्याकडे वाकल्या, माझा फेटा पाहिला, समई पाहिली, दोन पाकळ्या खाली पडू दिल्या.

"अपडेट केलं का भाऊ?"

"हौ," मी म्हणालो.

"बॅकअप घेतला होता?"

मी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागलो. मागून प्राचीचा हुंदका आला. ती दारात येऊन उभी होती.

"मग असंच होते," सुनंदाताई म्हणाल्या. "आमची साड्यांची वेबसाइट आहे ना, मीच पाहते. दिवाळीच्या तोंडावर अपडेट केली, तं सगळ्या करवतकाठी साड्या पुरुषांच्या कपड्यांत जाऊन बसल्या. लोक फोन करून विचारत, पुरुषांनी कोणत्या सणाले घालायची म्हणून. उठा तुम्ही."

मी उठलो. त्या पांढऱ्या साडीचा पदर खोचून माझ्या खुर्चीत बसल्या. सगळ्यात आधी त्यांनी निरोप पाठवणारं प्लगइन बंद केलं. "आधी याचं तोंड बंद करायचं," त्या म्हणाल्या. साडेपाच तासांत हे मला सुचलं नव्हतं! मग त्यांनी सनई बंद केली.

"माही सनई!" आत्या खुर्चीतून उठली.

"बसा आत्याबाई," सुनंदाताई वळून न पाहता म्हणाल्या, आणि काय सांगू, आत्या बसली. आयुष्यात मी आत्याला सांगितल्यावर बसताना पाहिलं नव्हतं. पाकळ्या बंद झाल्या. लगेच माझा मोबाइल वाजला. नानाजी! "पाकळ्या काहून थांबल्या गा?" त्यांनी मयताच्या मोबाइलवर फोन करून मयतालाच विचारलं, आणि मी उत्तर दिलं तरी त्यांना काही वावगं वाटलं नाही. गुणवंतरावांचा हार गेला, समई विझली. वेबसाइट एकदम शांत झाली. विदर्भातल्या मुली आपापल्या पानांवर माझ्याशिवाय छान हसू लागल्या.

"आता एक एक चालू करू," सुनंदाताई म्हणाल्या. "जिथं तुम्ही परत मराल, तो गुन्हेगार."

सगळे मागे येऊन उभे राहिले. कामगार खिडकीतून वाकले. सनई लावली, मी जिवंत. आत्याने सगळ्यांकडे विजयी नजर टाकली. पाकळ्या लावल्या, जिवंत. श्रद्धांजली लावली, गुणवंतरावांनी श्वास रोखला, पण मी जिवंतच.

"मग राहिलं काय?" त्यांनी यादीच्या तळाशी पाहिलं. "हे एक आहे. 'प्रमुखांचा परिचय'."

बटण दाबलं. फेटा, हार, समई, सनई, पाकळ्या. मी पुन्हा गेलो.

"हे कोणी टाकलं होतं?" त्यांनी विचारलं.

तेच ते किरकोळ प्लगइन. प्रत्येक पानाखाली माझा फोटो आणि नाव दाखवणारं. मंडळाला न विचारता, एका रविवारी, दार लावून मी ते बसवलं होतं. नवीन आवृत्तीत त्याने आणि श्रद्धांजलीने फोटोसाठी एकच चौकट धरली होती, आणि दोघांनी मिळून माझी सोय केली होती. दिवसभर मी आत्यावर संशय घेतला, नानाजींना मनातल्या मनात शिव्या घातल्या, गुणवंतरावांचं तर तोंड पाहवत नव्हतं. स्वतःकडे माझं एकदाही लक्ष गेलं नाही. शरमेने मी फाटकावरचा हार काढायला निघून गेलो.

परत आलो तेव्हा सुनंदाताईंसमोर आलूबोंड्याची बशी होती आणि प्राची त्यांच्या शेजारी बसली होती.

"आपल्याले मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या. "बापाचं ऐकत नाही, हे मले आवडलं. पण एक अट आहे भाऊ."

"सांगा ना."

"वेबसाइटचा पासवर्ड आत्ताच्या आत्ता तिले द्या."

दिला. कागदावर लिहून, दोन्ही हातांनी. अंगणातल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या, आत्याने मोबाइलवर सनई लावली, आणि सांत्वनाला आलेल्या माणसांनी पांढऱ्या कपड्यांतच माझ्या मुलीच्या हातावर साखर ठेवली. रंजना पुन्हा रडली. या वेळी मी तिच्या जवळ बसलो होतो, आणि तिने मला उठवलं नाही.

रात्री जेवताना प्राचीने माझ्याखालचे शोकसंदेश वाचून दाखवले. पहिला नानाजींचा होता, "समाजाची कधीही न भरून निघणारी हानी." दुसरा त्यांचाच, सात मिनिटांनी, "पासवर्ड कोणाकडे आहे?" त्याखाली बत्तीस जणांनी तोच प्रश्न विचारला होता. माझा स्वभाव, माझं काम, आठ वर्षांची सेवा, कोणी काही लिहिलं नव्हतं. फक्त शिफ्ट इन्चार्जने लिहिलं होतं, "सोमवारपर्यंत आत्म्यास शांती लाभो."

मला राहवलं नाही. झोपण्यापूर्वी मोबाइलवरून त्याच पानावर मीही एक ओळ टाकली: "मी जिवंत आहे. आपला, दिलीप." खाली उत्तर आलं, "आपला संदेश प्रशासकाच्या मंजुरीसाठी थांबवला आहे." प्रशासक आता प्राची. पुढे लग्न झालं, ती उमरेडला गेली, सासू-सून मिळून दोन्ही वेबसाइट उत्तम चालवतात. मी दर रविवारी आठवण करून देतो. ती म्हणते, "पाहते बाबा," आणि मंजुरी अजून आलेली नाही.